जेटस्की इतक्या मोठ्या आणि जड का होत गेल्या?

पाणकोळी (धागाकर्ता)

कावासाकीची जेएस ४०० ही जेटस्की १९७३ च्या सुमारास बाजारात आली तेव्हा दोन दणकट माणसं ती उचलून पाण्यात नेऊन ठेवत. वजन शंभर-सव्वाशे किलोच्या पट्ट्यात, लांबी दोन मीटरहून जराशी जास्त, ४०० सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, आणि बसायला जागाच नाही. उभं राहूनच चालवायची. आज त्याच कंपनीची अल्ट्रा ३१० घ्या. १४९८ सीसी, सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा दाबून ताकद वाढवणारा पंप), ३१० अश्वशक्ती, ८० लिटरच्या आसपासची टाकी, तिघांची सीट. टाकी भरलेली असताना वजन पावणेपाचशे किलोच्या घरात किंवा त्याहून वर. लांबी दीडपटीहून थोडी जास्त झाली आणि वजन चौपट झालं.

वजनाचा विषय निघाला की लोक लगेच फोर-स्ट्रोक इंजिनाकडे बोट दाखवतात. त्यात तथ्य आहे, पण माझ्या मते सुरुवात सीटपासून झाली. क्लेटन जेकबसन या कॅलिफोर्नियातल्या मोटोक्रॉसवाल्याची मूळ कल्पना एकट्याने चालवायच्या वाहनाची होती. कॅनडाच्या बॉम्बार्डिये कंपनीने त्याच्या कल्पनेवर १९६८ मध्ये सी-डू या नावाने पहिली जेटस्की काढली. ती बसून चालवायची होती, ३२० सीसी आणि १८ अश्वशक्तीची. चालली नाही, दोनेक वर्षांत बंद पडली. मग जेकबसन कावासाकीकडे गेला आणि उभी जेटस्की जन्मली. पुढची जवळजवळ पंधरा वर्षं हा खेळ उभ्यानेच चालला. जेएस ४४०, जेएस ५५० अशी इंजिनं वाढली, पण वाहनाचा पिंड तोच राहिला. ज्याला तोल जमेल त्याचंच ते वाहन.

१९८७ च्या मॉडेलवर्षात यामाहाने दोन माणसं बसतील अशी वेव्हरनर ५०० आणली, ३२ अश्वशक्तीची. पाठोपाठ बॉम्बार्डियेने सी-डू पुन्हा सुरू केली. इथून गिऱ्हाईक बदललं. पडत-उठत शिकणाऱ्या तरुणाच्या जागी बायकोला किंवा पोराला मागे बसवणारा माणूस आला. आता वाहन थांबलेलं असतानाही उलटायला नको, म्हणून ते रुंद करावं लागलं. रुंद झालं की पाण्याशी घर्षण वाढतं, म्हणून इंजिन मोठं. इंजिन मोठं म्हणून टाकी मोठी. टाकी आणि दोन-तीन माणसांचा भार पेलायचा म्हणून तळ आणखी लांब-रुंद. हे चक्र गेली पस्तीसहून जास्त वर्षं फिरतंय.

आकडे बघताना एक काळजी घ्या. यामाहा आणि सी-डू सहसा कोरडं वजन छापतात, कावासाकी टाकी भरलेलं. ७० लिटर पेट्रोल म्हणजे ५० किलोहून जास्त भार, शिवाय ऑइल आणि बॅटरी. त्यामुळे माहितीपत्रकात ३६० किलो दिसणारी मोठी यामाहा प्रत्यक्ष पाण्यात उतरते तेव्हा सव्वाचारशेच्या आसपास असते. दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून 'ही हलकी, ती जड' असं ठरवू नका.

मला चर्चा हवी आहे ती या वजनाची किंमत कोण देतं यावर. विकत घेणारा आराम पाहतो. किनाऱ्यावर ढकलणारा पोरगा, नवशिका चालवणारा आणि आसपास पोहणारा यांचा विचार वाहन रेखाटताना शेवटी होतो असं मला वाटतं.

---

गॅरेजवाला_चिंचवड

चांगला धागा. सीटचा मुद्दा पटला, पण इंजिनाला तुम्ही जरा लवकर सोडलंत.

जुन्या कार्ब्युरेटरवाल्या टू-स्ट्रोकमध्ये पाव ते एक तृतीयांश इंधन न जळताच एक्झॉस्टमधून बाहेर पडायचं. जेटस्कीत एक्झॉस्ट पाण्यातच सुटतो, म्हणजे ते पेट्रोल आणि ऑइल सरळ तळ्यात. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १९९६ मध्ये बोटींच्या पेट्रोल इंजिनांसाठी नियम केले आणि पुढच्या दहाएक वर्षांत हायड्रोकार्बन ७५ टक्क्यांनी कमी करायला लावले. कॅलिफोर्नियाने त्याहून कडक मुदती घातल्या. लेक टाहोवर १ जून १९९९ पासून कार्ब्युरेटरवाल्या टू-स्ट्रोक जेटस्कींना बंदीच आली. २००० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांच्या खात्याने बहुतेक उद्यानांतून जेटस्की हद्दपार केल्या. धंदा वाचवायचा तर इंजिन बदलणं भाग होतं.

२००२ च्या मॉडेलवर्षात यामाहाची एफएक्स १४० आली, ९९८ सीसी फोर-स्ट्रोक. त्याच हंगामात सी-डूची जीटीएक्स फोर-टेक (१५०३ सीसी, १५५ अश्वशक्ती) आणि होंडाची ॲक्वाट्रॅक्सही आली. आता फोर-स्ट्रोक म्हटल्यावर काय काय वाढलं ते बघा. व्हॉल्व्ह, कॅमशाफ्ट, चेन, ऑइल पंप, काही लिटर ऑइल. सी-डूने तर बंद कूलिंग दिलं, म्हणजे खाऱ्या पाण्याऐवजी कूलंट फिरतं. त्याचा वेगळा कूलर. नंतर सुपरचार्जर आणि इंटरकूलर. पाच-सहा वर्षांत इंजिनाच्या सगळ्या संचाचं वजन कुठल्या कुठे गेलं.

पण त्या बदल्यात मिळालं काय, तेही लिहायला हवं. धूर गेला. आवाज निम्म्याहून कमी झाल्यासारखा वाटतो. पेट्रोल कमी लागतं. जुनी टू-स्ट्रोक दोन-तीन हंगामांत खोलावी लागायची. नीट धुतलेलं, वेळच्या वेळी ऑइल बदललेलं फोर-स्ट्रोक इंजिन शेकडो तास चालतं. हे वजन मी आनंदाने स्वीकारतो.

---

मालवणी_तांडेल

दादानु, कागदावरचा वजन वेगळा आणि ओल्या पुळणीवरचा वजन वेगळा.

मी गेली कित्येक वर्षं तारकर्ली-देवबाग पट्ट्यात या धंद्यात आहे. आमच्याकडे काही उतरायला धक्का नाही. ट्रॉलीवर घालायची, ट्रॅक्टरने पाण्यापर्यंत न्यायची, पुढे माणसांनी ढकलायची. ओहोटीला पाणी लांब जातं तेव्हा खरी परीक्षा. पूर्वीची दोन सीटवाली आम्ही चार जण मिळून पुळणीवर फिरवून तोंड समुद्राकडे करायचो. आताची तीन सीटवाली सहा जणांनाही जागची हलत नाही. लाट आली आणि आडवी झाली तर कोणाचा तरी पाय खाली सापडतो. पोरांच्या कंबरा गेल्यात, हे कुठल्या माहितीपत्रकात येत नाही.

दुसरं, जड वाहन पाण्यात जास्त बुडतं. तळाच्या जाळीतून पंप पाणी ओढतो. कंपनीच्या पुस्तकात स्पष्ट असतं की खाली निदान ९० सेंटीमीटर पाणी असल्याशिवाय इंजिन चालू करू नये. आमच्याकडे गिऱ्हाइकाला गुडघाभर पाण्यात चढायचं असतं. चालू केली की वाळू, दोरीचा तुकडा, प्लास्टिक सगळं आत. इंपेलर (पंपातला पाणी ढकलणारा पंखा) घासला जातो, ताकद गळते, मग मालक म्हणतो मशीन खराब. हलकी असती तर ढकलत छातीभर पाण्यात नेली असती.

पण गॅरेजवाले दादा म्हणतात तेही खरं. टू-स्ट्रोकचा धूर दिवसभर खाऊन डोकं दुखायचं, ते आता नाही.

---

डॅलसकर

टेक्ससमधून लिहितोय. इथे आमच्याकडे सी-डू आहे, तीन सीटची, आणि जड आहे म्हणूनच घेतली.

सुटीच्या दिवशी इथल्या तळ्यांवर मोठ्या बोटींची इतकी गर्दी असते की पाणी सतत खवळलेलं राहतं. हलकी जेटस्की प्रत्येक लाटेवर उडते आणि आपटते, अर्ध्या तासात पाठ दुखते. जड आणि खोल व्ही-आकाराचा तळ असलेली पाणी कापत जाते. शिवाय माझी मुलगी आठ वर्षांची आहे. ती पाण्यात पडली तर मागच्या शिडीवरून चढते आणि वाहन कलत नाही. जुन्या अरुंद वाहनावर एक माणूस बाजूने चढायला गेला की दुसरा पाण्यात पडायचा.

पाणकोळी, तुमच्या सीटच्या मुद्द्याला एक कायद्याचा पदर आहे, तो जोडतो. मुलांना रबरी ट्यूबवर बसवून मागे ओढायचं हा इथला मुख्य उद्योग. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत ओढताना चालकाखेरीज मागे लक्ष ठेवणारं एक माणूस लागतं, काही ठिकाणी तेवढ्यासाठी आरसे चालतात. आणि पुष्कळ राज्यांत ओढल्या जाणाऱ्या माणसासाठीही वाहनावर जागा असावी लागते. म्हणजे तीन सीट आल्याच. दोन सीटवालीवर नवरा-बायको फिरू शकतात, पण पोरांना ओढू शकत नाहीत. मग इथला बाप दोन सीटवाली घेईल कशाला?

त्रास एकच, ओढून नेण्याचा. जेटस्की, भरलेली टाकी आणि ट्रेलर मिळून साधारण सहाशे किलो. अनेक छोट्या गाड्यांची ओढण्याची मर्यादा ६८० किलोच असते. दोन जेटस्की एका ट्रेलरवर घ्यायच्या तर गाडी बदलावी लागते. आमच्या ओळखीतल्या दोन कुटुंबांनी तेवढ्यासाठी मोठी गाडी घेतली.

---

पाणकोळी

डॅलसकर, ओढण्याच्या नियमाबद्दल मनापासून आभार. तीन सीट हीच किमान गरज का होऊन बसली याचं हे सर्वांत ठोस कारण आहे, आणि ते इंजिनाशी अजिबात संबंधित नाही.

अजून एक. आंतरराष्ट्रीय मानक आणि युरोपचे नियम अशा वाहनाची लांबी ४ मीटरपेक्षा कमी धरतात. म्हणजे वर एक छत आहे. यामाहाची एफएक्स ३.५८ मीटर लांब आणि १.२७ मीटर रुंद आहे, सी-डूची मासेमारीसाठी काढलेली फिश प्रो त्याहूनही लांब. त्या छताखाली जितकं मावेल तितकं भरायचं चाललंय. फिश प्रोवर शीतपेटी, गळ ठेवायच्या नळ्या, मासे दाखवणारा पडदा असं सगळं आहे. ज्याला छोटी होडी हवी होती त्याला ती जेटस्कीच्या रूपात मिळाली. मला त्या माणसाबद्दल तक्रार नाही, तो पहाटे एकटा समुद्रात जाऊ शकतो हे चांगलंच आहे.

वजन कमी करण्याचे प्रयत्नही झालेत. यामाहाने २००८ मध्ये नॅनोएक्सेल नावाचं हलकं मिश्रण तळासाठी वापरलं. पण वाचलेले किलो पुन्हा कप्प्यांत, सीटच्या गादीत आणि ताकदीत गेले.

---

जीवरक्षक_कळंगुट

इथे सगळे आरामाबद्दल बोलताहेत, मी कामाबद्दल बोलतो.

लाटांत बचावाला मोठी तीन सीटवालीच लागते. हवाईच्या ब्रायन केऊलाना आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जेटस्कीमागे फळी जोडून बुडणाऱ्याला ओढून आणायची पद्धत रुजवली, तीच आज जगभर वापरतात. मागे फळी, फळीवर निपचित पडलेला माणूस, त्याला धरून दुसरा जीवरक्षक. एवढ्या भाराने हलकं वाहन मागे बसतं आणि नाळ (पुढचं टोक) वर उचलली जाते. पुढची लाट आली की मागे पलटायची भीती. जड, लांब वाहन टिकून राहतं.

धोका कुठे आहे तेही सांगतो. जेटस्कीला सुकाणू नसतं. पंपातून सुटणारी पाण्याची धार वळली तर वाहन वळतं. घाबरलेला माणूस सगळ्यात आधी काय करतो? ॲक्सिलरेटर सोडतो. धार गेली की हँडल कितीही फिरवा, वाहन ज्या दिशेला जात होतं तिकडेच जात राहतं. वजन जितकं जास्त तितकं जास्त लांब. समोर पोहणारा असेल तर तो अपघात होतोच. सी-डूने २००९ मध्ये ब्रेक आणि रिव्हर्सची यंत्रणा आणली, यामाहाने काही वर्षांनी स्वतःची आणली, आणि त्याने खूप फरक पडला. पण आपल्या किनाऱ्यांवर भाड्याने फिरणाऱ्या जुन्या वाहनांत ती क्वचितच दिसते.

---

फिजिक्सच्या_मॅडम

जीवरक्षक यांच्या मुद्द्याला आकडा देते, वर्गात मुलांना देते तसाच.

जुनी उभी जेटस्की १०० किलो, चालक ७५ किलो, वेग ताशी ५५ किमी. नवी ४८० किलो, दोन माणसं १५० किलो, वेग ताशी १०५ किमी. वस्तुमान १७५ वरून ६३० म्हणजे ३.६ पट. वेग १.९ पट, आणि गतिज ऊर्जेत त्याचा वर्ग येतो, म्हणजे आणखी ३.६ पट. गुणाकार केला तर ऊर्जा साधारण १३ पट. चालवणारा मात्र दोन्हीकडे तोच, दहा मिनिटांच्या राइडसाठी आलेला पर्यटक.

हे गणित मांडल्यावर मला कळत नाही की दोन्ही वाहनांना एकच नियम, एकच अंतर आणि एकच दोन मिनिटांची तोंडी सूचना कशी पुरते. पोहणाऱ्यांपासूनचं अंतर वाहनाच्या वजन-वेगावर ठरायला हवं.

---

निसर्गवेडी

मॅडम, +१.

माझा छोटा मुद्दा. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळ आहे. अशा उथळ जागी जड वाहन तळाच्या जास्त जवळ जातं, पंप गाळ ढवळतो आणि गढूळ पाण्यात प्रवाळाला उजेड मिळत नाही. धूर कमी झाला म्हणून चालक निर्धास्त होतात आणि अशाच ठिकाणी घुसतात. आवाज कमी झाल्यामुळे पोहणाऱ्याला वाहन जवळ आल्याचं उशिरा कळतं, ही भीतीही आहेच.

---

उभा_स्वार

उभ्या जेटस्कीचं पुढे काय झालं हे कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो, कारण माझा जीव तिच्यात आहे.

तीही जड झाली. यामाहाची टू-स्ट्रोक सुपरजेट १९९० पासून तीस वर्षं मिळत होती, वजन १४० किलोच्या आत. २०२१ मध्ये तिला १०४९ सीसीचं तीन सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन बसलं आणि वजन १७० च्या आसपास गेलं. कावासाकीने २०१७ मध्ये एसएक्स-आर आणली, बसून चालवायच्या मोठ्या वाहनातलंच १४९८ सीसीचं इंजिन, आणि वजन २५० किलो! सरळ रेषेत ती पळते, वळणात दणकट आहे, खवळलेल्या पाण्यात शर्यत जिंकते. पण लाटेवरून उडी मारून हवेत फिरवण्याचा जो खेळ होता तो तिच्यावर होत नाही. तो खेळणारे आता कार्बन फायबरचे तळ वेगळे बनवून घेतात, आणि ते फार महाग असतात. म्हणजे जो खेळ कधीकाळी कॉलेजच्या पोराच्या आवाक्यात होता तो आता हातात पैसा असलेल्यांचा उरलाय. याचं मला खरंच वाईट वाटतं.

आशेची एक जागा आहे. सी-डूने २०१३ मध्ये स्पार्क आणली. फायबरग्लासऐवजी काचतंतू घातलेलं पॉलिप्रॉपिलीन, ९०० सीसी, ६० किंवा ९० अश्वशक्ती, ३० लिटरची टाकी, दोन सीटवालीचं वजन दोनशे किलोच्या आत. अमेरिकेत पाच हजार डॉलरच्या आत किंमत ठेवली होती. ती धडाक्यात खपली. यामाहानेही मग ईएक्स काढली, २०२२ मध्ये जेटब्लास्टर काढली, ती अडीचशे किलोच्या आसपास आहे. हलकं वाहन विकलं जात नाही असं म्हणणाऱ्यांना स्पार्कने उत्तर दिलंय.

---

गुहागरची_वहिनी

सगळ्यांचं वाचलं, खूप माहिती मिळाली. आमचं गुहागरला होमस्टे आहे. दीर आणि मुलगा मिळून पाहुण्यांसाठी एक जुनी जेटस्की घ्यायचं म्हणताहेत. मोठी तीन सीटवाली स्वस्तात मिळतेय. घ्यावी का?

---

मालवणी_तांडेल

वहिनीनु, स्वस्त मिळते ती का मिळते ते आधी विचारा. तुमच्याकडे पुळण लांब आणि सपाट आहे. ट्रॅक्टर आणि ढकलायला माणसं रोजची नसतील तर मोठी अजिबात घेऊ नका. दीर आणि मुलगा दोघांनीच करायचं असेल तर स्पार्कसारखी हलकी बघा. आणि पावसाळ्यात ठेवणार कुठे तेही आताच ठरवा, कारण ते सगळे महिने मशीन कोरड्या जागी ठेवावं लागतं.

---

गॅरेजवाला_चिंचवड

ताई, तांडेलांशी सहमत. तरी मोठीच घ्यायची झाली तर तीन गोष्टी मेकॅनिककडून बघून घ्या. प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन. इंपेलरच्या कडा आणि त्याच्या भोवतीची रिंग घासली आहे का. आणि सुपरचार्जर असेल तर तो शेवटचा कधी खोलला याचा कागद. सुपरचार्जरवाली भाड्याच्या धंद्याला घेऊच नये असं माझं ठाम मत आहे. पर्यटकाला ३०० अश्वशक्तीची काही गरज नाही आणि दुरुस्ती निघाली तर हंगामाची कमाई जाते.

---

जीवरक्षक_कळंगुट

वहिनी, यंत्राआधी परवानगी, विमा आणि मुलाचं रीतसर प्रशिक्षण. पाहुण्याच्या हातात हँडल देऊ नका, तुमचाच माणूस पुढे बसू दे आणि किल स्विचची (चालक पडला की इंजिन बंद करणाऱ्या बटणाची) दोरी त्याच्या अंगाला बांधलेली असू दे. वाहन उलटलं तर कुठल्या बाजूने सरळ करायचं याचं चित्र मागच्या बाजूला चिकटवलेलं असतं. उलट्या बाजूने फिरवलं तर पाणी इंजिनात जातं. घ्यायच्या आधी दोघांनी छातीभर पाण्यात ती स्वतः उलटी करून सरळ करून बघावी, अर्थात इंजिन बंद ठेवून आणि मालकाला विचारून. दोघांना जमली नाही तर ते वाहन तुमच्यासाठी नाही.

---

पाणकोळी

वहिनी, ही उलटी-सुलटी करून बघायची चाचणी नक्की घ्या, आणि मोठी व स्पार्क दोन्हींवर घ्या. दिराला आणि मुलाला इथेच खातं काढायला सांगा, कुठली वाहनं पाहिली ते त्यांनी लिहिलं तर मॉडेल बघून वजन आणि इंजिनाबद्दल नेमकं सांगता येईल.